धरायचा दांडा

"आजपासून या घरात कारागीर पाऊल ठेवणार नाही!" भालचंद्ररावांनी जाहीर केलं आणि ते शेजाऱ्यांकडे हातोडी मागायला गेले.

हातोडी लागण्याचं कारण मात्र साधं नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पत्नीला, सुमतीबाईंना, आंघोळीच्या स्टुलावरून आपलं आपण उठता येत नव्हतं, आणि रोज नवऱ्याला हाक मारायची त्यांना लाज वाटे. तेव्हा बाथरूमच्या भिंतीला धरायचा दांडा हवा होता.

भालचंद्ररावांनी मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाठ केला, भाड्याने ड्रिल आणलं, दोन टाइल्स तडकवल्या आणि दांडा बसवला. मग स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. दांडा तसूभरही हलला नाही.

"बस आता," ते ऐटीत म्हणाले.

सुमतीबाई स्टुलावर बसल्या आणि घोटाळा उघड झाला. व्हिडिओतला गोरा शॉवरखाली उभ्याने आंघोळ करत होता. त्याच्या मापाचा दांडा सुमतीबाईंच्या डोक्यावर हातभर उंच होता.

भालचंद्ररावांचा चेहरा पडला. सुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, हात ताणून कशीबशी बोटं दांड्याला अडकवली आणि म्हणाल्या, "कंडक्टर, एक स्वारगेट द्या. आणि उतरताना जरा हात द्या."