दाराआडची वीस मिनिटं

डॉक्टरांनी कागद टेबलावर सरकवला. मशीननं काढलेली लघवीच्या धारेची रेघ टेकडीसारखी चढून उतरायला हवी होती. ती वावरासारखी सपाट पसरली होती.

खुशालरावांनी कागदाकडे पाहिलंच नाही. दाराआड नर्स उभी असल्यावर कोणाले होते जी, म्हणाले. घरी एकदम मोकळं होते.

चतुराबाईंनी पदरानं मान पुसली. या एका रेघेसाठी दोघं सकाळी सहाला वलगावहून निघाले होते. अकोल्यात येऊन त्या दोन तास नवऱ्याला पाणी पाजत बसल्या होत्या. तीन बाटल्या. त्यापेक्षा बैल बरा, शीळ घातली की मुकाट पितो.

डॉक्टर सावकाश सांगू लागले. ट्रॅक्टरवरून पडून फाटलेली लघवीची वाट त्यांनीच गेल्या वर्षी गालाच्या आतली कातडी लावून सांधली होती. अशी जागा कधी कधी पुन्हा आवळते. पण एका कागदावरून ठरवता येत नाही, लाजेनंही धार अडते. घरी खरंच ठीक असेल तर तीन महिन्यांनी या. नसेल तर आजच दुर्बीण घालून बघू. लागलंच तर पुन्हा ऑपरेशन.

खुशालरावांचा हात गालावर गेला. तीन आठवडे नळी, कमरेला पिशवी, आणि तोंडात घास फिरेना म्हणून दुधात कुस्करलेली भाकर.

घरी किती वेळ लागतो, डॉक्टरांनी विचारलं.

"वीसेक मिनिटं," ते म्हणाले आणि घाईघाईनं पुढं जोडलं, "मोबाइल पाहत बसतो ना जी. हिले इचारा. रोज भांडते."

भांडण खरं होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नवरा मोबाइल घेऊन आत गेला की चतुराबाई कडी वाजवायच्या. आत काय बाजार भरते का, म्हणायच्या. नळ येऊन जायचा, चहाचा पार कोळसा व्हायचा, हा माणूस आतच. बाहेर आला तरी कोणाचा फोन उचलेल तर शपथ. खतवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांचे फोन बायकोच्या नंबरवर. त्या मोबाइलनं माझा संसार खाल्ला, असं त्यांनी नणंदेला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, देवळात भेटेल तिला सांगितलं. काल तर दारावर लाथच घातली होती.

डॉक्टरांचं पेन तीन महिन्यांनंतरच्या तारखेवर थांबलं. ते बाईंकडे वळले.

"मोबाइलमुळेच उशीर होतो ना?"

खुशालराव बायकोकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, हिनं भांडावं म्हणून.

चतुराबाई चिडूनच बोलल्या.

"काहून खोटं बोलू, डॉक्टरसाहेब? ह्यायचा मोबाइल महिन्यापासून बंद पडला हाये. मले पहिल्या दिवशीच समजलं. पण मी मोबाइलच्या नावानं बोंबलत होती, तोवर या दुखण्याचं नाव घ्यायचं काम नोतं."