अण्णांचा नियम

मानवजातीने मृत्यूवर अखेर विजय मिळवला, तो सहकारी बँकेत. माणसं मरत होतीच. फक्त त्यांचा कंजूषपणा आता मरत नव्हता. वडिलांच्या खात्याच्या पोटी मुलीचं खातं जन्माला यायचं आणि येताना वडिलांचा आवाज आणि स्वभाव दोन्ही घेऊन यायचं.

साठीच्या कुमुदिनीबाई खांबेटे काउंटरपाशी उभ्या होत्या. त्यांना स्कूटर घ्यायची होती, स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतून, लालभडक.

"नाही मिळायचे," खातं कै. अण्णांच्या आवाजात म्हणालं. "मी उभ्या जन्मात एक पेन विकत घेतलं नाही, आणि तू स्कूटर उडवणार? पायांना काय धाड भरलीय, कुमे?"

"अण्णा, पाय माझे आहेत आणि पैसेही माझेच."

मॅनेजर घोरपडे हळूच पुढे झुकले. "बाई, वडिलांचा नियम पुसता येत नाही. पण त्याच्यावर आपला नियम लिहिता येतो, मग आपलाच चालतो. आजवर कुणाची छाती झाली नाही, एवढंच."

बाईंनी काउंटरवरचं पेन उचललं आणि कागदावर ठसठशीत लिहिलं : 'कुमुदिनी मागेल तेव्हा द्यावे. कारण विचारू नये.'

खातं बराच वेळ खाकरलं. मग म्हणालं, "घे बाई."

रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला. एका आजोबांनी तर शिट्टीही मारली. बाई विजयी मुद्रेने दाराकडे निघाल्या.

"बाई," मागून घोरपडे संकोचून म्हणाले, "तेवढं आमचं पेन पर्समधून काढून देता का?"