धाडस : तीन

रस्त्यावर खेळ करणाऱ्या कलावंतांची कार्डं पोरं जमवायची आणि डाव मांडायची. ज्याच्या कार्डावरचा आकडा मोठा, तो जिंकला. हे आकडे कार्डं छापणाऱ्या कंपनीतला कारकून टेबलाशी बसून, नुसता फोटो बघून ठोकून द्यायचा. दोरीवर चालणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने दिले होते, ‘धाडस : तीन’.

एक दिवस म्हातारा नातीचं बोट धरून ऑफिसात आला. “साहेब, ही हट्टाने माझंच कार्ड टाकते आणि दर डावाला रडते. तिनाचे पाच होतील का?”

“खाली गादी अंथरून चालता, बाबा,” कारकून मान वर न करताच म्हणाला. “तीनसुद्धा हात सैल सोडून दिलेत.”

“मग रविवारी चौकात या. गादीशिवाय चालतो. डोळ्यांनी बघा आणि मग काय तो आकडा टाका.”

“येतो की,” कारकून म्हणाला आणि रविवारी घरी ताणून झोपला.

सोमवारी बातमी कळली. त्यानंतर आठवडाभर त्याला दवाखान्यात जायचा धीर झाला नाही. शेवटी नवं कार्ड छापून घेऊन तो गेला. म्हाताऱ्याचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते. कारकुनाने खाली मान घालून कार्ड पुढे केलं. ‘धाडस : दहा.’ नात टाळ्या पिटत खाटेभोवती नाचली.

म्हातारा त्या आकड्यावरून बोट फिरवत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे तुम्ही आला होतात तर! मी वरून गर्दीत तुम्हालाच शोधत होतो, साहेब. त्या नादात पाय सटकला. कुठे उभे होतात?”