साखरा फाट्यावरची लाल बटणाची पेटी

साखरा फाट्यावर मांडव घातला होता. सरकारी निधीतून बसवलेल्या मदत-पेटीचं उद्घाटन होतं. पिवळा खांब, त्यावर पेटी, पेटीला लाल बटण. बटण दाबून नुसतं बोलायचं, की अँब्युलन्स निघते. इथं मोबाइलला रेंज नाही, म्हणून मेंढरं पडीक रानात सोडून अनुसयाबाईही बघायला आली होती. फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांचा, म्हणजे आमदारसाहेबांचा, मात्र अजून पत्ता नव्हता.

तेवढ्यात वळणावर धाडकन आवाज झाला. तांड्यावरचा नेमसिंग खडीवरून घसरून फटफटीसकट नालीत पडला. मांडीतून रक्ताची धार लागली होती.

अनुसयाबाई पेटीकडं धावली. मांडवाची व्यवस्था बघणारा प्रभू आडवा आला.

"मावशे, फीत कापायची हाय! पाहुणे येऊन राहिले!"

"येऊ दे की. तवर ह्याचं रगत थांबून राहते का?"

तिनं फीत ओरबाडली आणि बटण दाबलं.

"नमस्कार, बोला. काय मदत हवी?" आतून एका पोरीचा आवाज आला.

अनुसयाबाई क्षणभर दचकली. मग तोंड पेटीला लावून तिनं सगळं सांगितलं.

"गाडी निघाली, आजी. मी लाइनवरच आहे. जखमेवर कापड दाबून घट्ट बांधा."

कापड कुठून आणायचं? प्रभूनं एकवार नेमसिंगकडं पाहिलं आणि पाहुण्यांसाठी आणलेला कोरा फेटा सरळ उलगडला. दोघांनी मिळून मांडी आवळली. रक्त थांबलं. अँब्युलन्स आली तेव्हा नेमसिंग स्ट्रेचरवरून ओरडत होता, "माझ्या फटफटीकडं ध्यान ठेवा रे!"

ती गाडी वळते न वळते तोच पाहुण्यांची गाडी आली. फीत नाही, फेटा नाही. प्रभू घाबरून सगळं सांगत सुटला. पाहुणे खळखळून हसले.

"अहो, याच्यापेक्षा झकास उद्घाटन कोणतं?"

"ते झालं, साहेब," अनुसयाबाई म्हणाली. "पन एकच पेटी काहून? घाटाच्या उतारावर कोनी पडलं, तर तेनं काय इथवर रांगत यावं?"

पाहुण्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. पुढच्या निधीत उतारावर दोन पेट्या देतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. असली आश्वासनं ऐकायची त्यांना सवय होती.

टाळ्या थांबल्या तशी पेटी खरखरली.

"आजी, मी अजून लाइनवर आहे. पेशंट नीट गेला ना?"

"गेला गं माय, बराबर गेला!"

"छान. आणि साहेब, या लाइनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं बरं का."

मांडवात हशा पिकला. पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं.

अनुसयाबाईनं डोईवरचा पदर सावरला आणि पेटीसमोरून बाजूला होत त्यांना जागा करून दिली.

"या, साहेब. आता जरा जवळून बोला."