विचाराधीन

"टॅबवर कागदांचा नुसता उकिरडा केलायस, आई," म्हणत थोरल्याने दुपारभर बसून तिला फोल्डर करायला शिकवलं. वीजबिलं एकीकडे, डॉक्टरचे कागद दुसरीकडे. मग हळूच म्हणाला, "आणि हे घर विकायचं संमतिपत्र. बोटानेच सही कर नि सेव्ह कर. एकटीने कशाला राहायचं आता? मी चहा टाकतो."

ज्या ओट्यावर तो चहा टाकत होता, तो तिने समोर उभं राहून बांधून घेतला होता.

"झालं?" कप पुढे करत त्याने विचारलं.

"ठेवलं जागेवर."

त्याने शोधलं. एक नवा फोल्डर होता, 'विचाराधीन'. आत संमतिपत्र, सहीची जागा कोरी.

"अगं, सही राहिली की!"

"राहिली नाही. आमच्या कचेरीत साहेबांना जे करायचंच नसे, ते या नावाच्या फायलीत जायचं. फाइल माझ्याच ताब्यात असायची. मी निवृत्त होईपर्यंत त्यातला एक कागद बाहेर आला नाही."

त्याने कपाळाला हात लावला. तिने निवांत घोट घेतला.

"छान शिकवतोस हो. आता या फोल्डरला कुलूप कसं लावायचं, तेवढं दाखव."