सहा स्वच्छ रणगाडे

"रक्त लय ताजं दिसतंय," हौशीरामआबा म्हणाले. "वाळल्यावर ते काळं पडतं. आन् पट्ट्यात केस घाल."

अफसानानं काडेपेटीएवढा रणगाडा हातात घेतला.

"कसले केस, आबा?"

"बाईचे. लांब."

बेगडेवाडीत वडिलांच्या दुकानात नंबरप्लेटा रंगवून अफसानाचा हात बसला होता. आता ती घरीच प्लास्टिकचे छोटे रणगाडे रंगवायची. हौशी लोक ते टेबलावर मांडून, फासे टाकून लढाया खेळत. चिखल, गंज, काजळी ती हुबेहूब उतरवायची. पण असलं काम तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आबा लोणावळ्याचे, फौजेतून निवृत्त, पंचाहत्तरी उलटलेले. त्यांचा नातू निलेश कॉलेजच्या मित्रांना घरी जमवून हा खेळ खेळायचा. सहा रणगाडे आबांनीच अफसानाकडून त्याला करवून दिले होते. मग दर महिन्याला आबा ते परत घेऊन येऊ लागले. आधी रक्त सांगितलं. मग मांस. मग बोटं.

"खेळणाऱ्याला खरं दिसाय पायजे," एवढंच म्हणायचे आणि चहात बिस्कीट बुडवायचे.

ते गेल्यावर अफसानानं कंगव्यातला केस काढून लाल वार्निशमध्ये बुडवला आणि चिमट्यानं चाकांवरच्या पट्ट्यात ओवला. केस चिकटला, वळला, त्याला एक गोळा लटकला. ती उठून मोरीत धावली.

दुपारी तिनं खिम्याचं ताट बाजूला सारलं.

"बरं नाही का?" हसिनानं विचारलं.

"अम्मी, तो म्हातारा बिस्कीट खात खात मला बाईचे केस मागतो. घरात बसून हीच मजा बघत असेल. त्याचा कप धुवायचीसुद्धा किळस येते मला."

"मग नको करूस त्याचं काम."

अफसानानं सहाही रणगाडे थिनरमध्ये टाकले. जुन्या टूथब्रशनं घासून घासून पट्ट्यांतली सगळी घाण काढली. मग चार दिवस बसून ते नव्यानं रंगवले. कोरा हिरवा रंग, पांढरे आकडे, चाकांवर नुसती वाळवंटाची धूळ. इतके देखणे रणगाडे तिनं कधीच केले नव्हते.

रविवारी स्कूटरवर डबा घेऊन ती लोणावळ्याला गेली. आबा बाजारात गेले होते. दार निलेशनं उघडलं. चेहरा उतरलेला होता. त्यानं डबा हातात घेतला, पण झाकण उघडताना मान वळवली.

मग त्यानं आत पाहिलं. एक रणगाडा उचलून उजेडात धरला.

"हे तुम्ही केलेत? भारी आहेत."

तिथंच उभ्यानं त्यानं फोटो काढून मित्रांना पाठवले. मिनिटाभरात त्याचा फोन वाजायला लागला, आणि तो एकेकाला खेळायला बोलावू लागला. अफसानाला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं.

फाटकाशी आबा भेटले, हातात भाजीची पिशवी.

"आबा, मी ते सगळं पुसून टाकलं," ती म्हणाली. "असली घाण मी पुन्हा करणार नाही. तुम्हाला बघवते, मला नाही."

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"निलेशला दिलेस?"

"हो. खूश झाला. मित्रांनाही बोलावलंय त्यानं."

आबांनी पिशवी खाली ठेवली आणि फाटकाला धरून उभे राहिले. आतून निलेश फोनवर हसत असलेला ऐकू येत होता.

"एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्याचे पट्टे धुवायचं काम माज्याकडं हुतं, पोरी," ते म्हणाले. "हितं धा पोरं खेळायची, मेलेली मानसं मोजत हसायची. तुजं काम बघून नऊ जणं उठून गेली. निलेश येकटा उरला हुता, त्यानंबी काल खेळाचं टेबल कायमचं आवरलं हुतं."