बाटल्यांतली रोपं

गजेंद्रनं तिसरी बाटली भिंतीवर आपटली, तरी शोभना त्याला हात जोडत होती.

ब्राझीलच्या ऑर्किडचं धुळीसारखं बारीक बी तिनं या बाटल्यांत पेरलं होतं, उकळून गार केलेल्या जेलीत, झाकणं घट्ट लावून. बुरशीचा एक कण शिरला तरी सगळं संपलं असतं. दोन वर्षांत पानं नखाएवढी झाली होती. फुलं यायला आणखी पाच वर्षं लागणार होती.

"मला एक पोर देता आलं नाही तुला, आणि इथं बाटल्यांत पोरं वाढवतेस!" नवरा ओरडला आणि त्यानं खलातला लोखंडी बत्ता उचलून बाटल्यांची अख्खी फळी झोडपली. एक काच उडून तिच्या गालात घुसली.

आजवर त्याचा मार तिनं मुकाट्यानं खाल्ला होता. पण त्याच्या चपलेखाली रोपांचा चिखल झालेला दिसला आणि तिचं डोकं फिरलं. तिनं बत्ता हिसकावला आणि त्याच्या त्याच हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"आई, हिनं मारलं मला!" तो कोसळत किंचाळला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. शोभनानं बत्ता सोडला नाही.

सासूबाई लेकाला ओलांडून आत आल्या, काचांत उकिडव्या बसल्या आणि उरलेली रोपं एकेक करून पदरात उचलू लागल्या.

"त्याचा हात काय, प्लास्टरनं जुळेल," त्या वर न बघता म्हणाल्या. "ही वाळतील. कशात लावायची, सांग लवकर."